चाळिसावी बशी

जेवणं उरकलीत ना सगळ्यांची? नसतील तर आधी जेवून या, नंतर घास उतरायचा नाही.

गोष्ट माझ्या धाकट्या साडूची. तो दवाखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला. त्या वर्षी ऑपरेशनच्या वॉर्डात पेशंटचे टाके चिघळायला लागले. दोघं गेले. जंतू लपलाय कुठे, हे शोधायचं डॉक्टरीणबाईंनी मनावर घेतलं आणि नमुने आणायचं काम याच्या गळ्यात पडलं. दर मंगळवारी रात्री वॉर्डातल्या चाळीस जागा कापसाच्या काडीने पुसायच्या, काडी काचेच्या बशीवर फिरवायची आणि बशी उबेच्या कपाटात ठेवायची. जंतू असला तर दोन दिवसांत बशीत उगवतो.

एकोणचाळीस जागा तो इमानाने पुसायचा. चाळिसावी म्हणजे कोपऱ्यातल्या बेसिनचं भोक. आत राखाडी बुळबुळीत थर, केसांचा गुंता, कुणाच्या तरी पट्टीचा पिवळा तुकडा. नुसता वाकला तरी तो तोंड फिरवायचा. वॉर्ड पुसणाऱ्या मावशी होत्या तेव्हा हसायच्या.

"काडी आत घाला की भाऊ. वरवर पुसून काय कळणार?"

त्यांची करंगळी ट्रॉलीत सापडून अर्धी गेलेली. त्याच हाताने त्या ते भोक रोज साफ करायच्या. त्या होत्या तोवर हा निदान कड तरी पुसायचा. मग त्याच जंतूने त्याही गेल्या, टोकणारं कुणी उरलं नाही, आणि हा कोरडीच काडी चाळिसाव्या बशीवर फिरवू लागला. बशी स्वच्छ, म्हणून कागदावर बेसिनही स्वच्छ.

सतरा तारीख, गुरुवार, रात्रीचे अकरा वीस. अठ्ठेचाळीस तास भरले म्हणून तो एकटाच बशा बघायला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या आईच्या खुब्याचं ऑपरेशन होतं, आणि तिला खाट मिळाली होती नेमकी त्या बेसिनशेजारची. बदलून मागायची तर कारण सांगावं लागणार. ते सांगायला त्याची जीभ रेटेना.

एकोणचाळीस बशा ठीक निघाल्या. चाळिसावी उचलली...

काठोकाठ भरलेली. हिरवट. जाड. झाकणाची चिकटपट्टी जशीच्या तशी, तरी वास येत होता. सडक्या पट्टीचा. जिला काही लागलंच नव्हतं, त्या बशीत हे आलं कुठून?

तो तडक वॉर्डात गेला. हातमोजा चढवला. श्वास रोखला. काडी भोकापाशी नेली. हात पुढे जाईना.

कुणीतरी मनगट धरलं.

गार हात. हळूच रेटलं. आत... अजून आत...

शेजारी कुणी नव्हतं. काडी बाहेर आली ती गिळगिळीत गोळा घेऊनच.

त्याने तिथूनच डॉक्टरीणबाईंना फोन लावला. "मॅडम, चाळिसावा नमुना मी घेतच नव्हतो. आईला त्या खाटेवर नका ठेवू."



"कधीपासून?"

"मावशी गेल्यापासून."

"त्यानंतर त्या खाटेवरचा एक पेशंट गेलाय. माहीत आहे ना?"



सकाळी बेसिन उखडलं. जंतू नळीतच निघाला. आईला दुसऱ्या वॉर्डात हलवलं, ती महिन्याने आपल्या पायांनी घरी आली.

पण त्या रात्री, फोन ठेवल्यावर, त्याने हातमोजा काढला. मोज्यावर मनगटापाशी एकही डाग नव्हता. आत, कातडीवर, हिरवट चिकट बोटं उमटली होती. तीन पुरती...

आणि एक अर्धं.