तुम्ही पुरे म्हणेपर्यंत

रविवारी सकाळी रेडिओ स्टेशनवर जाण्याआधी वॉल्टर हेलिवेल कोपऱ्यावरच्या बेकरीत थांबायचा आणि सगळ्यांसाठी मनुकांचे बन घ्यायचा. हा नेम डिसेंबरातल्या त्या रविवारीही चुकला नाही. फक्त बन कुठले आणि बाकीचं काय, हे आता त्याला काचेपलीकडून दिसत नव्हतं. तो वासाच्या अंदाजानं बोट दाखवायचा, आणि बेकरीवालीही मुकाट्यानं बरोबर तेच पिशवीत भरायची.

"आज शेवटचा कार्यक्रम ना हो, मिस्टर हेलिवेल?" ती म्हणाली. "आमची आई सकाळपासून रुमाल घेऊन रेडिओपाशी बसलीय."

"मग तिला सांग, टॉवेल घे म्हणावं. रुमालानं भागायचं नाही," तो म्हणाला, आणि दुकानात एकदम हशा पिकला.

त्याचा आवाजच तसा होता. यॉर्कशरमधल्या या ऑल्डरशॉ गावात त्याला न ओळखणारं माणूस सापडणं कठीण. आधी इथला छोटा रेडिओ, मग लंडनचा मोठा रेडिओ, मग शनिवारी संध्याकाळी अख्खा देश चहाचे कप घेऊन बघायचा तो टीव्हीवरचा खेळ. काय दिवस होते ते! आज्या त्याच्यासाठी स्वेटर विणून पाठवायच्या. पोहण्याचा तलाव असो की नाताळची रोषणाई, उद्घाटनाला वॉल्टरच हवा. पुढं टीव्हीला तरुण चेहरे हवेसे झाले आणि स्वारी गुपचूप गावी परतली. रविवार सकाळचा कार्यक्रम त्यानं अंगावर घेतला. ब्रास बँडची गाणी लावायची, कुणाच्या ऐंशीव्या वाढदिवसाला शुभेच्छा द्यायच्या, हरवलेल्या मांजराचं वर्णन सांगायचं. खरं सांगायचं तर त्यातच तो सगळ्यात खूश होता.

आता हा कार्यक्रम दुसऱ्या शहरातून होणार होता. वॉल्टरनं भांडण केलं नाही, कारण त्याचं गुपित फक्त त्याच्या निर्मातीला, बेव्हला, ठाऊक होतं. त्याची नजर जात चालली होती. समोर बघितलं की मधोमध धुकं आणि कडेला जरासं जग. डॉक्टरांनी हात टेकले होते. श्रोत्यांचे निरोप बेव्ह काचेपलीकडून त्याच्या हेडफोनमध्ये हळूच वाचायची आणि तो ते असे म्हणायचा, जणू कागद समोरच आहे.

"ये, म्हाताऱ्या," बेव्ह दारातच म्हणाली. "बन आणलेस ना? नाहीतर आत घेणार नव्हते."

"शेवटच्या दिवशी तरी जरा मान दे गं!"

"मान उद्या देईन. उद्या तू नसशील, तेव्हा सोपं जाईल." असं म्हणाली खरी, पण तिनं त्याचा कोपर धरून त्याला खुर्चीपर्यंत नेलं.

समोरच्या पाहुण्यांच्या खुर्चीवर दुसरा हेडफोन ठेवलेला होता, वायर जोडलेली, पाहुणा असो वा नसो. ही वॉल्टरची जुनी खोड. नवीन पोरं हसायची. लंडनमध्ये एका साहेबानं तो हेडफोन उचलून कपाटात टाकला, तर वॉल्टर त्या दिवशी बोलायलाच बसेना.

त्याचं मूळ होतं गावातल्या इस्पितळात. पोरसवदा वॉल्टर तिथल्या रुग्णांच्या रेडिओवर फुकट काम करायचा. आधी वॉर्डातून फिरून कुणाला कुठलं गाणं हवं ते विचारायचं, मग तळघरात जाऊन तबकड्या लावायच्या. खाटेखाटेला हेडफोन टांगलेले असत. पहिल्याच दिवशी भीतीनं त्याची बोबडी वळली, तेव्हा तिथला म्हातारा शिकवणारा म्हणाला, "सगळ्यांशी बोलू नकोस. एकाच माणसाशी बोल. त्याचा चेहरा डोळ्यांपुढं धर." दुसरा धडा त्याहून कडक होता. "आणि गप्प बसायचं नाही. रेडिओवर शांतता म्हणजे मरण. श्वास घ्यायचा तोही घाईनं."

वॉल्टरनं चेहरा निवडला इडा थॉर्पचा. खिडकीजवळच्या खाटेवर ती दोन्ही डोळ्यांना पट्ट्या बांधून उताणी पडलेली असायची. डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं आणि मान हलवायलाही मनाई होती. सूतगिरणीत आयुष्य काढलेली बाई, हात खरबरीत, जीभ तिखट.

"तूच का रे तो रेडिओवरचा?" तिनं त्याचा हात चाचपून धरला होता. "आवाजावरून वाटला होतास जाडजूड. हे तर नुसतं काटकुळं!"

"गाणं कुठलं लावू, मिसेस थॉर्प?"

"गाणं राहू दे. तू बोल. तू गप्प झालास की इथं फार अंधार होतो, बाळा… थांबू नकोस."

"नाही थांबणार," तो पोरपणानं म्हणाला होता. "तुम्ही पुरे म्हणेपर्यंत नाही थांबणार."

पुढच्या खेपेला खाट नीटनेटकी केलेली होती आणि हेडफोन खुंटीला टांगलेला होता. पट्ट्या सुटायच्या आधीच बाई गेली होती. वॉल्टर तळघरात गेला, माईक उघडला आणि तिच्याशीच बोलायला लागला. त्यानंतर आयुष्यभर, माईकसमोर असो की कॅमेऱ्यासमोर, तो फक्त तिच्याशीच बोलला. लाखो लोकांना वाटायचं, हा माणूस जणू माझ्याशीच बोलतोय. त्याचं गुपित इतकंच होतं.

एक गोष्ट मात्र त्यानं कुणाला सांगितली नव्हती. त्याच्या बायकोलाही नाही, ती होती तोवर. बोलताना तो श्वास घ्यायला थांबला की कानात कुणीतरी काहीतरी पुटपुटल्यासारखं व्हायचं. एक उसासा, अर्धा शब्द. टीव्हीच्या खेळात त्यानं एकदा माईक झाकून विचारलं होतं, "कोण बोललं आत्ता?" वरच्या नियंत्रण-खोलीतून कानातल्या यंत्रात उत्तर आलं, "कुणी नाही, वॉल्टर. तू चालू ठेव." मग तो चालू ठेवायचा. इडाला अंधार वाटायला लागला असेल, असं त्याच्या मनात यायचं आणि तो आणखी भरभर बोलायचा.

आज ते तिला सांगायचं होतं. उद्यापासून मी बोलणार नाही. चालेल ना? एवढं एकच त्याला विचारायचं होतं, आणि त्याच विचारानं रात्रभर त्याच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

कार्यक्रम झकास रंगला. बेव्ह कानात नावं सांगत गेली, वॉल्टर त्यांना तिखटमीठ लावत गेला. जुने श्रोते फोनवर रडले, तो त्यांना हसवत राहिला. बाहेर बर्फाचा बारीक चुरा पडत होता आणि खोलीत बनचा, धुळीचा, तापलेल्या यंत्रांचा वास भरला होता. इतकी वर्षं याच वासात गेली, असं वाटून त्याला भडभडून आलं. शेवटचं गाणं संपत आलं. त्यानं माईक उघडला. कानात पुढचं नाव आलं.

"आणि आता… खिडकीजवळच्या खाटेवरच्या इडाला…"

वॉल्टरनं ते म्हणूनही टाकलं. सवयच ती. आणि मग त्याच्या लक्षात आलं की हा आवाज बेव्हचा नव्हता.

तो गप्प झाला. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा माईक उघडा होता आणि वॉल्टर हेलिवेल गप्प होता. भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायला लागलं. समोरच्या खुर्चीचं कातडं करकरलं, कुणी सावरून बसावं तसं. मग थंडगार, ओल्या सुताचा वास आला.

"किती वर्षं पुरे म्हणतेय, बाळा…" आवाज अगदी कानाशी होता. थकलेला, पण प्रेमळ. "मी गेले त्या रात्रीच म्हटलं होतं. मग रोज म्हणत आले… तू बोलत होतास. बोलणाऱ्याला कसं ऐकू जाणार?"

वॉल्टरनं चाचपडत समोरच्या खुर्चीकडं हात पुढं केला.

"दमलास रे. थांब आता."

वॉल्टरच्या गालांवरून पाणी वाहत होतं. छातीवरचा धोंडा उतरावा तसं त्याला हलकं वाटलं. त्यानं खाकरून श्रोत्यांचा निरोप घेतला, दोनच वाक्यांत, आणि माईक बंद केला.

दार उघडून बेव्ह धावत आली. हातात चहाचे दोन कप, अर्धा चहा बशीत. "वॉल्टर! काय झालं रे? मी चहाला म्हणून वळले आणि इकडं सगळं चिडीचूप! माझा तर जीवच गेला!"

"तू… तू नाव सांगितलंस ना? इडाचं?"

"कुठली इडा? मी खोलीतच नव्हते!"

मागोमाग डंकन आला. स्टेशनची यंत्रं तो सांभाळायचा. त्याचा चेहरा उतरला होता. आवाज बंद पडला की आपोआप एक राखीव गाणं सुरू करणारी करड्या रंगाची पेटी तिथं होती. सगळे तिला राखणदार म्हणायचे. "राखणदार उठलाच नाही," तो म्हणाला. "एवढी शांतता झाली, उठायला हवा होता. पण त्याच्या मते आवाज चालू होता… कुणीतरी सारखं बोलत होतं."

"बिघडलं असेल तुझं ते खोकं," बेव्ह खेकसली.

"मीही तेच म्हटलं असतं. पण टेकडीवरच्या वृद्धाश्रमातून एका आजोबांचा फोन आला. अंध आहेत ते. विचारत होते, शेवटी बोलल्या त्या बाई कोण? आवाज फार गोड होता म्हणाले."

बेव्हनं बनची पिशवी उगाचच दुमडून ठेवली. निघताना सगळ्यांनी मिळून वॉल्टरला आठवण म्हणून काय द्यावं? तोच दुसरा हेडफोन, लाल फीत बांधून. टाळ्या वाजल्या. वॉल्टरनं तो छातीशी धरला. बेव्हनं त्याला गाडीतून घरी सोडलं आणि "उद्या सकाळी येते, नाश्ता करून ठेव, फुकट्या" असं बजावून ती गेली.

दुपार कलली. तिकडच्या डिसेंबरात चार वाजले की उजेड काढता पाय घेतो. वॉल्टरनं चहा टाकला, हेडफोन टेबलावर ठेवला आणि मनाशीच हसला. सुटलो एकदाचे, ती आणि मी. मग त्यानं स्वयंपाकघरातला दिवा लावला.

उजेड पडला नाही.

बल्ब गेला असेल, म्हणून तो खुर्चीवर चढला आणि त्यानं वर हात नेला. बल्ब चांगला तापलेला होता. बोट भाजलं.

तो सावकाश खाली उतरला आणि टेबलाची कड घट्ट धरून बसला. म्हणजे आलीच वेळ. आज, इतक्या लवकर. घरात आवाज म्हणावा असा कशाचाच नव्हता. "डोरीन…" त्यानं गेलेल्या बायकोला हाक मारली, आणि स्वतःच्याच आवाजाची त्याला भीती वाटली. अंधार आणि शांतता दोन्ही एकदम अंगावर आली की काय होतं, हे त्याला तेव्हा कळलं. इडाच्या खरबरीत हाताची पकड त्याला आठवली.

टेबलावर बारीकशी खरखर झाली. हेडफोनमधून कुणी बोलत होतं. चाचपडत त्यानं तो कानांवर चढवला.

"भिऊ नकोस, बाळा. मी आहे ना… तू माझ्यासाठी किती बोललास. आता तू ऐक. तू पुरे म्हणेपर्यंत मी थांबणार नाही."

वॉल्टरला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! लहान मुलासारखा तो हात मांडीवर ठेवून ऐकत बसला. वायरीचं टोक त्याच्या गुडघ्यापाशी मोकळं लोंबत होतं.

सकाळी बेव्ह आली. दार नुसतं लोटलेलं होतं, दिवा जळत होता, चहावर साय धरली होती. वॉल्टर टेबलापाशी ताठ बसला होता. डोळे उघडे, कानांवर हेडफोन, आणि ओठ हलत होते.

"वॉल्टर? अरे, हे काय? काढ ते!" तिनं हेडफोन ओढून काढला आणि धीर करून स्वतःच्या कानाला लावला. काही नाही. नुसती शांतता. तिनं तो दूर फेकून दिला.

वॉल्टरचे ओठ हलायचे थांबले नाहीत. तिनं खाली वाकून कान त्याच्या तोंडापाशी नेला. ज्या आवाजावर अख्खा देश जीव टाकायचा, तो आता घोगरा, फाटका झाला होता.

"रात्रीच म्हटलं गं, पुरे… कधीपासून म्हणतोय," तो कुजबुजला. "तू तरी सांग ना तिला, बेव्ह… ती बोलतेय. तिला ऐकूच जात नाही."