पहिली ढलपी

वर्षाराणी, बस जरा. समईत आत्ताच तेल घातलंय, इतक्यात विझायची नाही. तुझा नवरा जुनी सुतारी हत्यारं घ्यायला निघालाय असं मघाशी तू सहज बोलून गेलीस, आणि माझ्या हातातली वात हातातच राहिली. तो जाण्याआधी हे तुझ्या कानावर घालायला हवं. घाबरवायचं म्हणून नाही. मला स्वतःला त्या गोष्टीची आठवण झाली की भीती कमी वाटते, हात जास्त जोडले जातात.

सगळं माझ्या एका नवसातून सुरू झालं. आमच्या लेकीचं, सुकन्याचं, दोन वेळा पोटातच गेलं होतं. एकदा तिसऱ्या महिन्यात, एकदा सहाव्या. तिसऱ्यांदा दिवस गेले तसं मी तिला कंधारला घेऊन आले आणि एकटीच माहूरची पायरी चढले. रेणुकामातेपुढं पदर पसरला आणि म्हटलं, "आई, एवढं लेकरू तिच्या ओटीत टाक. तुझ्या दारी लाकडी पाळणा आणीन. त्याला यंत्र लागलेलं नसेल. लेकराच्या आजोबाच्या हातचा असेल."

घरी येऊन यांना सांगितलं. हे म्हणजे आमचे मालक, वैजनाथ सुतार. अख्ख्या पंचक्रोशीत यांच्या हातचे दरवाजे आहेत. पण दोन वर्षांपूर्वी यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. चालणं सुधारलं, बोलणं सुधारलं, उजवी बोटं काही मिटेनात. यांनी तो हात डाव्या हातानं उचलून माझ्यापुढं धरला.

"देवीला बोलायच्या आधी ह्याला तरी इचारायचं हुतं."

"तीच देईल की हातात बळ."

"एका नारळात दोन कामं सांगून आली का तिला?" हे हसले. मला रडू आलं, तसे हसायचे थांबले.

घरात हत्यारंसुद्धा राहिली नव्हती. लातूरच्या पुतण्याला दिली होती, त्यानं मशीन घेतल्यावर ती भंगारात घातली. म्हणून दसऱ्याच्या आधी चार दिवस आम्ही दोघं नांदेडला गेलो. श्रीमंतशेठ म्हणून ओळखीचे एक दुकानदार आहेत, त्यांच्याकडे. हत्यार निवडणं काय असतं ते मी त्या दिवशी पाहिलं. हे पटाशी घ्यायचे आणि पातं उन्हात धरून धारेवरून नजर फिरवायचे. दांड्यातल्या रेषा सरळ जातात की मध्येच तुटतात ते बघायचे. वाकस घ्यायचे. वाकस म्हणजे लाकूड तासायचं आडव्या पात्याचं हत्यार, तुला ठाऊकच असेल. तो कानाशी नेऊन नखानं टिचकी मारायचे, ऐकायचे आणि खाली ठेवायचे.

"बद्द वाजतंय. पाणी नीट पाजलं न्हाई पोलादाला."

"मामा, हत्यार घ्यायलाव का तंबोरा?" श्रीमंतशेठ म्हणाले.

पटाशी, करवत, रंधा घेतला. वाकस मात्र एकही डाव्या हातात बसेना. शेठ बराच वेळ बघत राहिले, मग आवाज उतरवून म्हणाले, "डाव्या हाताचा वाकस इस्लापूरला हाय. व्यंकटी सुताराचा. डावखोरा हुता तो. सात वर्षं झाली त्याला जाऊन. बायको हाय, केवळाबाई. पण सांगून ठेवतो, चौघं जण गेले आन् रिकामे वापस आले."

"देत न्हाई का ती?"

"ती देती हो…" एवढं म्हणून शेठ दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले.

दुसऱ्या दिवशी एस.टी.नं इस्लापूर गाठलं. भर दुपार होती. त्या वर्षी पाऊस लांबला होता, सहस्रकुंडाचा धबधबा लांबून घुमत होता, जमिनीतून आल्यासारखा. केवळाबाईचं घर वस्तीच्या टोकाला, पुढं सागाची झाडं. तिथं पोहोचलो तेव्हा त्या घुमण्याच्या आत मला दुसरा एक आवाज लागला. ठक्… ठक्… मध्ये थोडं थांबून पुन्हा ठक्.

"कुणीतरी काम करायलंय," मी म्हटलं.

यांनी मान हलवली. "तासायलंय. हात बसलेला माणूस हाय."

आम्ही अंगणात पाय ठेवला आणि आवाज थांबला. केवळाबाई ओसरीवर डाळ निवडत बसली होती. पंचेचाळिशीची असेल, शांत चेहरा. कशासाठी आलो ते सांगितलं. ती उठली, कमरेची किल्ली काढली आणि बाजूच्या खोलीचं कुलूप उघडलं. कुलूप बाहेरून होतं, वर्षाराणी. खोलीला दुसरं दार नव्हतं.

दार उघडल्याबरोबर आतून वास आला तो ताज्या सागाचा. कडवट, थोडा तेलकट, आत्ताच चिरल्यासारखा. आत लाकडाचा एक तुकडा नव्हता. जमिनीवर वाकळ अंथरलेली, तिच्यावर हत्यारं ओळीनं ठेवलेली. गंजाचा ठिपका नाही. धार अशी की दारातला उजेड तिच्यावर थरथरत होता.

"तेल लावता का ह्यांना?" यांनी विचारलं.

"खंडेनवमीला उंबऱ्यातूनच हळदकुंकू वाहते. हात लावत न्हाई मी." ती बाहेरच उभी होती. "तुम्ही जावा आत. घ्या उचलून. उचललं तर तुमचं."

यांनी वाकून आधी हत्यारांना नमस्कार केला, जसा आपल्या घरच्यांना करायचे. मग पुटपुटले, "व्यंकटीदादा, लेकीच्या लेकरासाठी पाळणा करायचाय. येता का?" आणि डावा हात वाकसाच्या दांड्याला लावला. दांड्याला अंगठ्याच्या जागी एक खळगा पडला होता, वर्षानुवर्षं घासून झालेला. यांचा अंगठा त्या खळग्यात घरंगळल्यासारखा जाऊन बसला. वाकस फुलासारखा वर आला. यांच्या मानेवरचा काटा मला मागून दिसला.

केवळाबाईनं डोक्यावर पदर ओढला. "चौघांनी दोन्ही हातांनी ओढला हुता," ती म्हणाली. "हलला न्हवता. कोणी इचारलं न्हवतं त्यांना."

पैशाचं नाव काढू दिलं नाही. मला बाजूला घेऊन म्हणाली, "माय, एकच करा. कामाची पहिली ढलपी निघंल ती त्यांची. देवापुढं ठेवा. जाळू नका. ते गेले तवा मला पाचवा महिना हुता. आमच्याच लेकराचा पाळणा करत हुते. ते गेले, मागून पोटातलंही गेलं… मी रागात तो अर्धा पाळणा बंबात घातला. शेवटची ढलपी सुद्धा. तवापासून आत काम चालू हाय. लाकूडच न्हाई, तरी चालू हाय."

मी तिच्या गळ्याला हात लावून शब्द दिला.

दसरा झाल्यावर चांगला वार बघून यांनी परसात साग मांडला. मी म्हटलं, माझी पोथी होऊ द्या, मग पहिला घाव घाला, ढलपी मी पदराच्या ओट्यात झेलते. शेवटच्या अध्यायावर होते आणि परसातून ठक् ऐकू आलं. ठक्… ठक्… पोथी अर्ध्यावर सोडता येते का? संपवून धावत गेले तर पायाशी सात-आठ ढलप्या पडलेल्या.

"थांबा म्हटलं हुतं ना?"

"मी थांबलो हुतो," हे माझ्याकडे न बघता म्हणाले. "हात थांबला न्हाई."

आणि तो हात! ज्या डाव्या हातानं यांना धड जेवता येत नव्हतं, तो लाकडावर असा चालला होता की रेषेच्या बाहेर केसभर जात नव्हता. उजव्या मनगटानं लाकूड नुसतं दाबून धरलेलं. शेजारच्या बाया भिंतीवरून बघायला लागल्या. मी विचारलं, यातली पहिली कोणती? यांना सांगता येईना. मग मीच एक निवडली. चांगली लांब, अखंड, साजरी. देवाला साजरं ते द्यावं, एवढंच माझ्या डोक्यात. बाकीच्या सूपात भरल्या आणि सवयीनं, दुसऱ्या दिवशी सकाळी, सुकन्याच्या अंघोळीच्या पाण्यासाठी बंबात टाकल्या. आपल्याकडे सुतारकाम निघालं की ढलप्या जातात कुठं? बंबातच की गं.

पाणी तापायच्या आत परसातून वेगळाच आवाज आला. वाकस दगडावर आपटल्यासारखा. तीच धार, तोच साग, पण पातं लाकडावरून घसरत होतं, ओरखडासुद्धा उठत नव्हता. यांचा डावा हात पुन्हा अडाणी झाला होता. आणि न्हाणीच्या दारात सुकन्या भिंत धरून उभी होती.

"आई… पुन्हा तसंच व्हायलंय."

सातवा लागला होता तिला. जीप करून हे तिला नांदेडच्या दवाखान्यात घेऊन गेले. मला म्हणाले, तू देवापाशी बस. दुपारी फोन आला. रक्त थांबत नाही, डॉक्टर काही सांगत नाहीत.

मी देवघरापुढं बसले. ती साजरी ढलपी समोर होती आणि तिच्याकडे बघता बघता मला कळलं की ही ती नाहीच. शब्द दिला होता पहिल्या ढलपीचा, आणि मी दिसायला बरी म्हणून भलतीच ठेवली. पहिली मी जाळली. त्या माउलीनं जे केलं, तेच माझ्या हातून झालं.

उठले आणि न्हाणीत गेले. बंब थंड झाला होता. खालची राख ताटात ओढली आणि बोटांनी चाळायला लागले. काय सापडणार होतं? पांढरी राख, दोन कोळसे. तरी चाळत राहिले. आणि राखेच्या तळाशी बोटाला काहीतरी गार, ओलसर लागलं.

ढलपी होती. बोटाएवढी, वाकडी, एका कडेला साल असलेली. तिला धग लागली नव्हती, राखसुद्धा चिकटली नव्हती. नाकाशी नेली तर ताज्या सागाचा तोच वास.

दोन्ही हातांत धरून ती देवघरात नेली. आईच्या पायाशी ठेवली. डोकं टेकवून म्हटलं, "व्यंकटीदादा, चुकले मी. तुमचं आहे ते तुम्हाला दिलं. पाळणा तुमचाच म्हणून पुरा करा. आमच्या लेकराला जागा द्या त्यात…"

घरात मी एकटी होते. बाहेर लख्ख ऊन होतं, रस्त्यावरून भाजीवाला ओरडत चालला होता. आणि माझ्या पाठीमागं, परसात, आवाज सुरू झाला.

ठक्… ठक्…

मी वळले नाही. नुसतं नाव घेत राहिले. आवाज घाईचा नव्हता, रागाचा नव्हता. हात बसलेला माणूस मन लावून काम करतो तसा. सागाचा वास दारातून आत आला, उदबत्तीच्या वासात मिसळला. किती वेळ गेला माहीत नाही. आवाज थांबला तेव्हा दिवेलागण झाली होती. त्याच वेळी फोन वाजला.

"थांबलं," हे म्हणाले. यांचा आवाज रडका होता. "लेकरू हलायलंय. सुकन्याला भूक लागली म्हणती."

मग मी परसात गेले. सकाळी ज्या लाकडावर ओरखडा उठत नव्हता, त्याचे पाळण्याचे चारी खांब झाले होते, गोल, गुळगुळीत. वाकस खांबांना टेकवून ठेवलेला. जमीन मी सकाळी झाडली होती तशीच स्वच्छ. एक ढलपी नव्हती, भुसासुद्धा नव्हता.

उरलेला पाळणा यांनी पुरा केला. दिवस भरून सुकन्याला मुलगा झाला, शिवांश. पाळणा माहूरला पोचवला, नवस फिटला. यांच्या डाव्या हातातली कला त्याच दिवशी गेली, पण उजवी बोटं आता पेला धरण्याइतकी मिटतात. माहूरच्या आईनं दोन्ही कामं ऐकली, थोडी थोडी का होईना.

वाकस परत द्यायला लेकराला घेऊन इस्लापूरला गेलो. केवळाबाईनं वाकस घ्यायच्या आधी लेकरू घेतलं. त्याची डावी मूठ उघडली, अंगठा चाचपला आणि कितीतरी वेळ तो अंगठा गालाला लावून बसली. बंद खोलीत शांत होतं. आता काही ऐकू येत नाही म्हणाली.

त्या अंगठ्याचं तुला सांगायचं राहिलं. शिवांश जन्मला तेव्हा त्याच्या डाव्या अंगठ्याच्या बुडाशी एक घट्टा होता. पिवळसर, कडक. दवाखान्यातली बाई म्हणाली, पोटात अंगठा चोखतात लेकरं, आठ-पंधरा दिवसांत जाईल. मला पटलं. आज लेकरू दीड वर्षाचं आहे. अंगठा त्यानं कधी तोंडात घातलेला मी पाहिला नाही. घट्टा आहे तिथंच आहे, आणि हल्ली जास्त कडक लागतो हाताला.

म्हणून सांगते, वर्षाराणी. नवऱ्याला जाऊ दे, जुनं हत्यार वाईट नसतं. फक्त उचलायच्या आधी ज्याचं होतं त्याला विचारायला सांग. आणि कामाला बसला की तू तिथं पदराचा ओटा धरून बस, पहिली ढलपी झेल, देवापुढं ठेव. मी चुकले तशी साजरी बघून निवडू नकोस. पहिली कोणती ते नाहीच कळलं, तर बाई, सगळ्या ठेव. पण त्यातली एकही बंबात घालू नकोस.