आई नाही आली का?

ठकी सव्वादोन वर्षांची, उंचीनं जेमतेम अडीच फूट, पण तिचं बिऱ्हाड गाडीच्या डिकीत मावेना. दुपटी, कपड्यांचे पाच जोड, नाक तुटलेली बाहुली, गाडी लागली तर म्हणून पिशव्या, मऊ भाताचा डबा. तिच्या आईनं सगळं दोनदा रचलं, दोनदा उपसलं आणि उरलेला पसारा शेवटी शेजारच्या सीटवर टाकला. तिथं बसायला तसंही कुणी नव्हतं. ठकीचा बाबा जाऊन चौदा महिने झाले होते.

नऊ तासांचा रस्ता होता. नणंदेनं नव्या गावी घर घेतलं होतं, ते अजून दोघींनीही पाहिलं नव्हतं. "ठकीला सहा महिने ठेव माझ्याकडे," नणंद फोनवर म्हणाली होती. "तुझे हाल बघवत नाहीत." ठकीच्या आईनं आधी नाही म्हटलं, मग बघू म्हटलं, मग रजेचा अर्ज टाकला. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत ती कामाला होती. दिवसभर नमुने, कुपीवरची रेघ, तापमान, आकडा. संध्याकाळी पाळणाघरातून ठकीला उचलायची, तेव्हा अंगात बोलायचंही त्राण नसायचं. गेल्या महिन्यात एकदा, ठकी दूध सांडून रडत असताना, तिच्या मनात आलं होतं की हिला दुसरी कुणी आई मिळाली असती तर बरं झालं असतं. मनात आलं आणि गेलं. फरशी पुसून ती झोपली होती.

सकाळ बरी गेली. ठकीनं म्हशी मोजल्या, म्हणजे प्रत्येक म्हशीला "दोन" म्हटलं. दहाच्या सुमाराला पेट्रोल भरायला थांबल्या. पंपावरचा म्हातारा कामगार नळी लावून मागच्या खिडकीपाशी गेला आणि वाकून बघू लागला.

"आज टवटवीत आहे की. मागच्या खेपेला उलट्या करून बेजार झाली होती."

"आम्ही पहिल्यांदाच येतोय या रस्त्यानं."

"हो का?" त्यानं पुन्हा ठकीकडे पाहिलं. ठकी त्याला बघून हसली. ती अनोळखी माणसाला हसत नसे, तोंड लपवायची. "मग माझीच काहीतरी गफलत. वय झालं आता."

लहान मुलं सगळी सारखीच दिसतात. पुढचे दोन तास तिनं हे स्वतःला तीन-चारदा सांगितलं.

दुपारी रस्त्याकडेच्या एका खानावळीत शिरल्या. सहा टेबलं, त्यांवरचे पुसून पुसून पांढुरके पडलेले पत्रे, कोपऱ्यात घरघरणारा फ्रिज. गिऱ्हाईक नव्हतं. तिनं भात सांगितला. दूध सांगितलं नव्हतं, तरी मालकीणबाईंनी भाताबरोबर दुधाची वाटी आणून ठकीपुढे ठेवली. तिनं सवयीनं वाटीला बोट लावलं. कोमट, ठकीला लागायचं तेवढंच.

"साय काढून टाकलीय," मालकीणबाई म्हणाल्या. "सायीनं उमळून येतं ना तिला."

हे तिच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. पाळणाघरातसुद्धा तिनं सांगितलं नव्हतं, कारण तिथं दूधच देत नसत.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तिच्या आईनं. आज नाही आली का ती?"

"मी तिची आई आहे."

मालकीणबाईंनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग खांद्यावरचं फडकं घेऊन त्यांनी शेजारचं स्वच्छ टेबल पुन्हा पुसलं. "असाल, बाई," त्या म्हणाल्या.

ठकीच्या आईनं भात तसाच ठेवला. उठताना तिनं विचारलं, "दिसते कशी ती?"

"तुमच्यासारखीच, अगदी. फक्त हसरी आहे."

गाडीत बसल्यावर तिनं चावी फिरवली नाही. मागं वळावं असं वाटलं. पण मागं पाच तासांचा रस्ता होता आणि त्याच्या शेवटी कुलूपबंद घर. कुणीतरी थट्टा करत असेल. नणंद हिच्यासारख्याच एखाद्या पोरीला घेऊन इकडून जात असेल. तिनं फोन लावला.

"कुठवर आलात?" नणंदेनं विचारलं.

"चार तास लागतील अजून. ताई, तुम्ही कधी कुणाच्या लहान मुलीला घेऊन या रस्त्यानं आला होतात?"

"मी? नाही बाई. का हो?"

"काही नाही. सहज."

"सावकाश या."

नणंद तिला कायम अगं-तुगं करायची. आम्ही दोघी आहोत म्हणून 'आलात', म्हणून 'या', असं तिनं मनाशी धरलं. 'का हो'चं काय करायचं ते तिला कळेना.

डोंगर मागं पडले, सपाट माळ लागला. ठकी खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "आई कुठे?"

"ही काय. मी आहे ना."

आरशात ठकीचा चेहरा दिसत होता. मोठ्यांनी गंमत केली की करतात तसं ती खुदकन हसली आणि परत खिडकीबाहेर बघू लागली.

पाचला त्या पोचल्या. एकसारखी बैठी घरं, दोरीवर चादरी, स्वच्छ ऊन. नणंद फाटकातच उभी होती. तिनं गाडीचं दार उघडून ठकीला सीटच्या पट्ट्यांतून सोडवलं. ठकीनं तिच्या गळ्यात हात टाकले, मग खाली उतरून थेट घरात पळाली. कुठली खोली, हे तिला विचारावं लागलं नाही.

"दमला असाल," नणंद म्हणाली. "या, बसा. गाडी सांभाळून आणलीत, उपकार झाले. पोरीला गाडी लागते ना."

"ताई, असं काय करताय? मी आहे."

नणंद ओशाळं हसली, नाव आठवत नसलं की माणूस हसतं तशी.

बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसताच तिनं फोन काढला आणि ठकीच्या वाढदिवसाचा फोटो समोर धरला. ती आणि ठकी, गालाला गाल लावून.

"अगंबाई, छान आलाय की," नणंद म्हणाली. "दोघी किती गोड दिसतायत. तुम्ही काढलात?"

आतल्या खोलीतून गुणगुणणं ऐकू आलं. बाबा गेल्यापासून तिनं ठकीला गाऊन झोपवलं नव्हतं. आवाज तिचाच होता, नुसता विसावलेला.

ती उठली. नणंदेनं तिच्या दंडावर हात ठेवला. रागानं नव्हे, अगदी हळुवार. "आत्ता नको. झोपवतेय ती."

ती पुन्हा बसली. नंतर किती वेळ गेला, तिला सांगता आलं नसतं.

पडदा हलला. ठकी बाहेर आली. केस विंचरलेले, हातात बिस्कीट. ती दोन पावलं अलीकडेच थांबली आणि हात लांबवला.

"आईनं दिलं. तुम्हाला."

तिनं बिस्कीट घेतलं. घेताना बोटं लागली, तर ठकीनं हात पटकन पाठीमागं नेला.

"तुझ्या आईला सांग," ती म्हणाली, आणि पुढं काय म्हणायचं होतं ते तिला आठवेना.

आतलं गुणगुणणं थांबलं. कुणीतरी कान देऊन ऐकत होतं.