ठराव क्रमांक सतरा

आमची पहिली भेट पाण्यात झाली. तळ्याकाठी वगैरे नाही, नगरपालिकेच्या रेकॉर्ड रूममध्ये, फुटलेल्या पाइपाखाली.

मी जुन्या सभांची रजिस्टरं शोधायला आत गेले आणि डोक्यावरच्या पाइपाचा जोड सुटला. पाणी थेट कपाटावर. मी ओरडले असेन बहुधा, कारण एक माणूस धावत आला, स्टुलावर चढला आणि दोन्ही हातांनी जोड दाबून उभा राहिला. डोक्यावरून पाणी, चष्म्यावरून पाणी, खिशातल्या कागदांचा पार लगदा.

"प्लंबर येईपर्यंत मी काही हलत नाही," तो म्हणाला. "तुम्ही तेवढी छत्री धरता का?"

कोपऱ्यात माझी छत्री होती. मी ती उघडली आणि धरली... रजिस्टरांवर.

तो वरून बघत राहिला. "मला वाटलं, माझ्यावर धराल."

"तुम्ही वाळाल," मी म्हटलं. "रजिस्टरं वाळत नाहीत, चिकटतात."

वीस मिनिटं आम्ही असेच उभे होतो. प्लंबर आल्यावर कळलं, हा पाणीपुरवठ्याचा नवा अभियंता, त्याच दिवशी रुजू झालेला. त्याचा शर्ट आकाशी रंगाचा होता, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. हे मी मुद्दाम पाहिलं असं कुणी समजू नये. वीस मिनिटं त्या खोलीत दुसरं बघण्यासारखं काही नव्हतंच.

माझं काम म्हणजे सभेचं इतिवृत्त लिहिणं. महिन्याला एक सभा, सभा पाच तास. त्यात कोण काय बोललं आणि कुठला ठराव झाला ते वहीत उतरवून घ्यायचं. मला एका वर्षाच्या बोलीवर घेतलं होतं आणि वर्ष संपत आलं होतं. कायम करायचं की घरी पाठवायचं, हे आता सभाच ठरवणार होती. आईने तिच्यापुरता निकाल देऊन टाकला होता. "कायम झालीस तर ठीक, नाहीतर मामाच्या दुकानात बस. तिथे निदान कुणी भांडत नाही." मामाचं दुकान दुसऱ्या गावात. खिळे, कड्या, बिजागऱ्या. खरोखरच तिथे कुणी भांडत नाही, आणि तीच तर पंचाईत होती. मला भांडणं फार आवडतात. दुसऱ्यांची, लिहून घ्यायला.

तर त्या महिन्याची सभा. पाण्याचा दाब कमी का, याचं उत्तर द्यायला नव्या अभियंत्याला बोलावलं होतं. तो दोन तास उभा होता. नगरसेवक त्याला आळीपाळीने झापत होते आणि तो प्रत्येकाला "बघतो साहेब, उद्याच बघतो" म्हणत होता. शर्ट तोच, आकाशी. सतरावा विषय होता मंडईच्या छपराचा रंग. त्यावर वाद पेटला, विषय पुढे ढकलला गेला, आणि माझ्या वहीत सतरा या आकड्यापुढे चार ओळींची जागा मोकळी राहिली.

मोकळी जागा वाईट. मी तिथे लिहिलं: "पाणीपुरवठ्याच्या अभियंत्यांना आकाशी शर्ट शोभून दिसतो. त्यांनी तो वरचेवर घालावा."

भाषासुद्धा ठरावाची. वर्षभर ठराव लिहिले की माणूस किराण्याची यादीही तशीच लिहायला लागतो. घरी जाताना ते खोडायचं, असं मी ठरवलं होतं. पण संध्याकाळी ताप भरला, मी तीन दिवस अंथरुणात, आणि वही गेली टंकलेखक काकांकडे.

आमचे काका अठ्ठावीस वर्षं टाइप करताहेत. समोर येईल ते टाइप करतात. "मी वाचत नाही," ते अभिमानाने सांगतात. "वाचायला लागलो असतो तर इतकी वर्षं टिकलो असतो का?" आणि ठराव दिसला की शेवटी 'सर्वानुमते मंजूर' हे शब्द त्यांची बोटं आपोआप टाइप करतात. मुख्याधिकाऱ्यांनी सवयीने सही केली. प्रती बावीस नगरसेवकांना गेल्या, आणि ज्या खात्याचा ठराव त्या खात्याला नक्कल गेली, अंमलबजावणीसाठी.

चौथ्या दिवशी मी कामावर आले तर तो माझ्या टेबलापुढे उभा. आकाशी शर्ट, नीट इस्त्री केलेला. हातात कागद.

"मॅडम, एका ठरावाबद्दल शंका होती. 'वरचेवर' म्हणजे आठवड्यातून साधारण किती वेळा?"

मी कागद घेतला, वाचला आणि माझे कान तापले. ताप उतरला होता, तरी.

"ही... टायपिंगची चूक आहे."

"कुठल्या शब्दात?"

"सगळ्याच."

"असं कसं? सर्वानुमते मंजूर आहे." तो खुर्ची ओढून बसला. "या बावीस जणांचं पाणी किती वाजता सोडायचं यावर एकमत होत नाही, मॅडम. माझ्या शर्टावर झालं. मला तर भरून आलं."

"कुणी... अजून कुणी वाचलं का?"

"कुणी नाही. आमच्या साहेबांना विचारलं, ते म्हणाले, सतरा ना, मंडईचं छप्पर." त्याने दुसरा कागद माझ्यापुढे सरकवला. "हा आमच्या खात्याचा अहवाल. पोच द्या."

अहवालात एकच ओळ होती: 'ठराव क्र. १७ नुसार कार्यवाही सुरू केली असून पुरावा समक्ष हजर आहे.' मी पोच दिली. काय करणार? अहवालाला पोच द्यावीच लागते.

आता यातली गोम अशी. एकदा सही झालेलं इतिवृत्त परस्पर बदलता येत नाही. पुढच्या सभेत ते कायम व्हायला येतं, तेव्हा कुणी हरकत घेतली तरच दुरुस्ती. कुणी बोललं नाही तर ती ओळ त्याच कपाटात कायमची जाणार, ज्यावर मी छत्री धरली होती. आणि माझ्या नोकरीचा विषय त्याच सभेत, नववा. आता मुकाट्याने देव पाण्यात ठेवायचे, एवढंच माझ्या हातात होतं.

"मी घेऊ का अंगावर?" त्याने एकदा चहा पिताना विचारलं. "सांगतो, मीच घुसडलं म्हणून."

"वही माझी, अक्षर माझं."

"मग मी काय करू?"

"तो शर्ट घालू नका. तुम्हाला बघून एखाद्याला आठवायचं."

"ते जमणार नाही," तो गंभीरपणे म्हणाला. "ठराव मोडला तर चौकशी लागते."

महिनाभर तो रोज तोच रंग घालून आला. रोज काहीतरी नवी शंका. बाह्या दुमडलेल्या चालतील का, ठरावात उल्लेख नाही. रविवारी घरी असताना लागू आहे का? मी वर न बघता उत्तरं द्यायची, आणि तो गेला की खिडकीतून तो जिना उतरेपर्यंत बघत बसायची. टंकलेखक काका म्हणायचे, "पाणीवाले साहेब फार नियमाने वागतात हो." काका वाचत नाहीत, म्हणून बरं.

पण एक गोष्ट त्याने कधीच विचारली नाही... ती ओळ कुणाच्या मनातली. तिथेच माझा जीव अडकला होता. त्याला ही सगळी गंमत वाटत असेल तर? सभा झाली, ओळ खोडली, गंमत संपली, मग हा माझ्या टेबलाशी कशाला येईल? मला तो आवडायला लागला होता. इतका की नोकरी गेली तर मामाच्या दुकानात बिजागऱ्या मोजताना पहिली आठवण त्याच्या शंकांची येईल, हे मला स्वच्छ दिसत होतं.

सभेचा दिवस उजाडला. विषय पहिला, मागील सभेचं इतिवृत्त कायम करणं. अध्यक्ष नेहमीसारखे म्हणाले, "वाचलं असं समजू."

आणि तिसऱ्या रांगेत हात वर झाला. हेडबाई. तीस वर्षं शाळा चालवून निवृत्त झालेल्या, पहिल्यांदाच निवडून आलेल्या. आजारपणामुळे मागच्या काही सभांना त्या नव्हत्या, म्हणून मी त्यांना हिशेबातच धरलं नव्हतं. त्यांच्या हातात लाल पेन होतं.

"मी वाचलंय," हेडबाई म्हणाल्या. "ठराव क्रमांक सतरा." आणि त्यांनी तो वाचून दाखवला, शेवटच्या बाकालाही ऐकू जाईल अशा आवाजात.

एकदम सगळे बोलायला लागले.

"आमच्या वॉर्डात पाणी नाही आणि इथे शर्टावर ठराव होतात!"

"सर्वानुमते आहे. म्हणजे तुम्हीही हात वर केला होता."

"मी तेव्हा सभात्याग केला होता."

"तुम्ही चहाला गेला होता."

अध्यक्षांनी टेबल वाजवलं. आपण इतिवृत्त वाचलंच नव्हतं, हे ते मेले तरी कबूल करणार नव्हते. खाकरून ते म्हणाले, "त्या वेळी सभागृहाची भावना तशी होती."

"असं होय?" हेडबाईंनी चष्मा वर केला. "मग सूचक कोण?"

अध्यक्षांनी उजवीकडे बघितलं. उपाध्यक्षांनी गरीब चेहऱ्याने हात वर केला. "मी."

माझी सुटका झाली होती. मला फक्त लिहायचं होतं: सूचक, उपाध्यक्ष. कुणाला काही कळलं नसतं, नववा विषय निर्वेध झाला असता. पेन कागदावर टेकलं, आणि पुढे जाईना. वर्षभर मी त्या सभागृहात जे झालं तेच लिहिलं होतं. भांडणंसुद्धा शब्दाला शब्द. न झालेलं एकदाही नाही.

मी उभी राहिले.

"अध्यक्ष महाराज, हा ठराव झालेला नाही. ती ओळ मी लिहिली. ती... सभागृहाची भावना नाही. माझी आहे."

मी त्या सभागृहात बोललेलं ते पहिलं वाक्य. उपाध्यक्षांनी हात हळूच खाली घेतला. अध्यक्षांना माझ्यावर रागवावं की माझे आभार मानावेत ते कळेना.

मागच्या खुर्च्यांमधून पाणीपुरवठ्याची फाइल घेऊन तो उठला. शर्ट आकाशी.

"अध्यक्ष महाराज, खात्यातर्फे खुलासा करायचा आहे. ही ओळ सभागृहाची नाही, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. सभागृहाने आजवर माझ्याबद्दल एक चांगला शब्द काढलेला नाही. तर ठराव रद्द झाला तरी..." तो अडखळला. महिनाभर शंका विचारणारा माणूस, पहिल्यांदाच अडखळला. "तरी मी शर्ट घालणं थांबवणार नाही. ज्यांची भावना आहे त्यांच्यासाठी. हे नोंदीत यावं."

"हा खुलासा आहे की काय आहे?" अध्यक्षांनी विचारलं.

"काय आहे ते सगळ्यांना कळलंय," हेडबाई म्हणाल्या. "पुढचा विषय घ्या."

ठराव सतरावर लाल रेघ बसली. नवव्या विषयाला मी मान खाली घालून बसले होते, तेवढ्यात हेडबाईंचाच आवाज आला. "सूचक मी. स्वतःविरुद्ध खरं सांगते त्या मुलीच्या हातात वही राहू द्यावी. सोबत लेखी ताकीद, मोकळ्या जागेवर तिरकी रेघ मारत जा." हात मोजले. बावीस. या खेपेला 'सर्वानुमते मंजूर' मी स्वतः लिहिलं.

दुसऱ्या दिवशी तो आला. पांढऱ्या शर्टात.

मी पेन खाली ठेवलं. "थांबवणार नाही म्हणाला होतात. नोंदीत आहे."

"फाटला," तो म्हणाला. "कॉलरपाशी. एकच होता."

"एकच?"

"रोज घरी गेलो की धुवायचा, पंख्याखाली टाकायचा, सकाळी इस्त्री. आई म्हणाली, असा ठराव जिने केला त्या बाईला एकदा घेऊन ये, मला तिच्याशी बोलायचंय."

मी महिनाभर समजत होते, याच्या कपाटात आकाशी शर्टांची थप्पी असणार. मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. दोन्ही एकदम आलं की फार वाईट चेहरा होतो.

"मला तुम्ही आवडता," तो म्हणाला, अगदी साधेपणाने. "रजिस्टरांवर छत्री धरलीत ना, तेव्हापासून. मनात म्हटलं, कागदांना एवढं जपते..."

"पाच वाजता दुकानात जाऊ," मी म्हटलं. "रंग मी निवडणार."

"लेखी?"

"तोंडी."

पाच वाजता बाहेर पाऊस होता आणि छत्री एकच. माझ्या काखेत घरी न्यायची वही. तो पायरीवर थांबला, वहीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आज कुणावर?"

मी वही ओढणीत गुंडाळली आणि छत्री त्याच्यावर धरली. दुकानापर्यंत माझा डावा खांदा चिंब झाला. त्याची नोंद कुठल्याही रजिस्टरात नाही.