उपाशीपोटीचं दूध

तानाबाईंनी तपासणीचा कागद सुनेपुढे सरकवला, तेव्हा स्वप्नालीच्या हातातली भाकरी अर्धीच थापून राहिली.

“वाच. वरीसभर गवत खायला घातलंस माणसाला, आन् उपाशीपोटीची साखर एकशे अठ्ठ्याण्णव. चरबी तर बघूच नगंस.”

आकडे पाहून स्वप्नालीच्या अंतःकरणात काहीतरी निःशब्द खचले... सासरे कृष्णातराव यांच्या मधुमेहाबरोबर रक्तदाब, रक्तातली चरबी आणि पोटाचा घेर ही दुखणी हातात हात घालून आली आहेत, आता गाठ हृदयाशी आहे, असे डॉक्टरांनी बजावले त्याच आठवड्यात त्यांचे पथ्य सांभाळायला तिने पेठ वडगावच्या शाळेतली नोकरी सोडली होती. तसे तिला कुणी सांगितले नव्हते. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपलेल्या त्या मुलीला कृष्णातरावांच्या रूपाने ते पुन्हा लाभले होते, आणि दुसऱ्यांदा हरपू देण्याची तिची तयारी नव्हती!

“आजपास्नं सैपाक मी करणार,” तानाबाई म्हणाल्या. स्वप्नालीचा नवरा विश्वजित खाली मान घालून जेवत राहिला.

“आत्ती, तुम्हीच करा. पण पुन्हा एकदा तपासू या. या वेळी मामांबरोबर मी जाते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सासऱ्यांना स्कूटरवर मागे बसवून ती निघाली. वाटेत गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर, गिऱ्हाइकासमोर धार काढून देणाऱ्या गवळ्यांच्या म्हशी उभ्या होत्या. “थांबीव जरा,” कृष्णातराव म्हणाले. गवळ्याने ग्लासातच धार काढली. फेसासकट ते दूध त्यांनी एका दमात संपवले आणि मिशा पुसल्या. “हं, चल.”

“मामा, उपाशीपोटी जायचं होतं ना?”

“मग? च्यासुदिक घेतला न्हाय.”

“आणि हे?”

“दूध हाय की. उपासाला चालतंय, मग उपाशीपोटी का चालू नये?”

“दर वेळी घेता?”

“तर. तिथं रगत काढत्यात. अंगात ताकद नको व्हय?”

स्वप्नालीला हसू आले, आणि त्याच क्षणी डोळेही भरून आले... वर्षभर खाल्लेली बोलणी, वाढत गेलेल्या गोळ्या, सारे या एका ग्लासापायी! तिने शांतपणे समजावून सांगितले. म्हातारा ओशाळला.

“घरात सांगू नगंस, पोरी. हसं हुईल माझं.”

“डॉक्टरांना सांगावंच लागेल, मामा. घरात नाही सांगणार.”

त्या दिवशी ती तशीच माघारी वळली. दुसऱ्या दिवशी त्यांनी खरोखर रिकाम्या पोटी रक्त दिले. साखर एकशे बत्तीस, चरबी पुष्कळ उतरलेली, कमरेचा घेर वर्षात अडीच इंचांनी कमी. “दुखणं गेलेलं नाही,” डॉक्टर गोळ्यांची चिठ्ठी बदलत म्हणाले, “पण माघार घेतंय. जेवण आहे तसंच चालू ठेवा.”

घरी तानाबाईंचा चेहरा उजळला. “बघा, माझ्या हातचं दोन दिस जेवलं तर साठानं उतरली साखर. आन् ही वरीसभर...”

स्वप्नाली आत वळली. एका शब्दाने तिची सुटका होणार होती, पण तो शब्द तिने मामांच्या स्वाधीन केला होता...

“गप बस, तानाबाई.” कृष्णातराव पुढे आले. “चूक माझी हाय. दर येळी तपासणीआधी म्या कट्ट्यावर दूध पिऊन जात हुतो. हिनं काल डोळ्यानं बघितलं. मी सांगू नगं म्हणलो, म्हणून आत्ताबी गिळून बसली बघ. ही पोरगी हाय म्हणून जित्ता हाय मी.”

विश्वजित उठून बायकोशेजारी जाऊन उभा राहिला. तानाबाई मात्र भिंतीला टेकून मटकन खाली बसल्या, आणि पदर डोळ्यांना लावून कितीतरी वेळ हुंदके देत राहिल्या. स्वप्नाली जवळ जाऊन बसली.

“तोंड न्हवतं का तुला? सुनवायचं की मला.”

“मामांनी सांगावं असं वाटत होतं, आत्ती.”

तानाबाईंनी सुनेचा हात घट्ट धरला. मग खालच्या आवाजात, जणू गुन्हा कबूल करावा तशा म्हणाल्या, “महिना झाला, माझीबी तहान भागंना झालीया. पायाला मुंग्या येत्यात. भ्यानं बोलले न्हाय कुणाला... मला घिऊन जातीस तपासायला?”

“उद्याच जाऊ.”

“पाणी तरी चालतंय न्हवं, जायाआधी?”

“पाणी चालतं,” स्वप्नाली म्हणाली, आणि तिने सासूचे मस्तक आपल्या खांद्यावर घेतले.