परतीची तारीख

एका महिन्यात हिशेबनीसांनी गोंद शिजवणाऱ्या माणसाला रजेवर दाखवलं आणि रजेवर असलेल्या ड्रायव्हरला हजर. दोघंही तावातावानं एकाच वेळी कार्यालयात शिरले, त्या दिवशी मालकांनी कपाळाला हात लावला. पुठ्ठ्याची खोकी बनवणारा कारखाना, माणसं दीडएकशे, आणि हजेरी, रजा, पगार सगळं अजून जुन्या संगणकावरच्या तक्त्यांत चालायचं. ते तक्ते दोघांनाच कळत, हिशेबनीसांना आणि ताईंना. पैकी हिशेबनीसांना ते कळतात हा त्यांचा स्वतःचा समज होता. शेवटी नवं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं आणि निवडायचं काम ताईंच्या गळ्यात पडलं.

ताई म्हणजे कर्मचारी विभाग. त्या विभागात त्या एकट्याच. माणूस कामावर लागल्यापासून काम सोडून जाईपर्यंत त्याचं सगळं त्यांच्या हातून व्हायचं.

तीन कंपन्यांची माणसं येऊन आपापलं सॉफ्टवेअर दाखवून गेली. पहिला इतका गोड बोलत होता की हिशेबनीस सावध होऊन बसले. दुसऱ्याच्या संगणकाचा पडदाच बराच वेळ उघडेना. तिसरा पन्नाशीचा, टक्कल पडलेला, विचारलं तेवढंच बोलणारा. ताईंनी पाळ्यांचं, करांचं, भत्त्यांचं जे विचारायचं ते विचारलं आणि उठता उठता तिघांनाही एकच गोष्ट विचारली.

"रजेच्या नोंदीत परतीची तारीख रिकामी ठेवता येते का?"

"नाही हो ताई," पहिला म्हणाला. "तारीख टाकल्याशिवाय पुढेच जात नाही. माणसांना शिस्त लागते ना."

दुसरा म्हणाला, येते, पण काही महिन्यांनी ते नाव आपोआप बाद होतं. टकल्यानं थोडा विचार केला.

"येते," तो म्हणाला. "कितीही दिवस."

त्याचं घेतलं. हेच का, असं मालकांनी विचारल्यावर ताईंनी कारणांची रांग लावली. वापरायला सोपं आहे, फोनवरून अर्ज करता येतो, फाटकाशी संगणकाचा पडदा लावला की फोन नसणाऱ्यांचीही सोय होते. सगळी कारणं खरी होती, पण त्यांच्यासाठी ताईंनी ते निवडलं नव्हतं.

ठकी ही ताईंची एकुलती एक मुलगी. लहानपणी लाकडी बाहुलीसारखी गप्प बसायची म्हणून पडलेलं नाव, पुढे तोंडाचा पट्टा सुरू झाला तरी तेच राहिलं. ती याच कारखान्यात छपाई विभागात तपासनीस होती. खोक्यावरची अक्षरं फुटलीत का, रंग पसरलाय का, हे बघायचं तिचं काम. कारखान्यात ती आईला इतरांसारखी ताईच म्हणायची आणि रजा हवी असली की रीतसर अर्ज करायची, खाली 'कृपया मंजुरी मिळावी' असं लिहून. मग जेवणाच्या सुट्टीत येऊन त्याच ताईंच्या डब्यावर ताव मारायची.

दीड वर्षापूर्वी तिला ताप आला. ताईंनी तिला रुग्णालयात दाखल केलं, कार्यालयात येऊन तिच्या नावापुढे आजारपणाची रजा लावली आणि डॉक्टर सांगतील तेव्हा टाकू म्हणून परतीची तारीख रिकामी ठेवली. आठवड्याच्या आत पोर हातची गेली.

नंतर तिचं नाव बंद करायचं होतं. त्यासाठी एक कारण निवडावं लागे, राजीनामा, निवृत्ती, बडतर्फी किंवा मृत्यू. दुसऱ्यांसाठी ताईंनी ते कितीदा तरी निवडलं होतं. या वेळी हात उचलला नाही. आजारपणाची रजा संपली तेव्हा त्यांनी बिनपगारी रजा लावली. पगार जात नव्हता, कोणाचं काही बुडत नव्हतं. हिशेबनीसांच्या ते लक्षात आलं होतं, पण ते त्यावर कधी बोलले नाहीत.

घर मात्र ताईंनी बदललं. नवरा केव्हाच गेलेला, आता पोरही नाही, आणि तिच्या खोलीवरून न्हाणीघरात जायची वाट. ते रोज सहन होईना. त्यांनी शहराच्या दुसऱ्या टोकाला, बसच्या शेवटच्या थांब्यापाशी, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. स्वतःच्या नोंदीत त्यांनी नवा पत्ता लिहिला. ठकीच्या नोंदीतला पत्ता बदलायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

नवं सॉफ्टवेअर सुरू झालं आणि पहिले काही दिवस कारखान्यात हसण्याचंच काम होतं. ड्रायव्हरनं रजेचं कारण म्हणून 'मूड नाही' लिहिलं. गोंदवाल्यानं चुकून स्वतःच्या लग्नाची रजा मागितली, आणि त्याला तर मुलगी लग्नाची होती. ताई सकाळी आल्या की चहा बाजूला ठेवून आलेले अर्ज उघडायच्या आणि एकेक मंजूर करत जायच्या.

अशाच एका सकाळी त्यांत ठकीचं नाव होतं. रजा वाढवून हवी होती. कारणाची जागा कोरी होती.

ताईंनी टकल्याला फोन लावला.

"उघडी रजा असली की सॉफ्टवेअर स्वतःच विचारणा काढतं," तो म्हणाला. "घाबरू नका. हवं तर बंद करतो ते."

"नको," ताई म्हणाल्या. "राहू दे."

त्यांचा जीव भांड्यात पडला आणि त्याच वेळी कशानं तरी खट्टूही झाला. त्यांनी रजा मंजूर केली. दिवसभर त्यांना उगाच बरं वाटत राहिलं, कोणीतरी आपल्याकडे काही मागितल्यासारखं.

पुढचा अर्ज आला तेव्हा कारणाची जागा भरलेली होती. 'घरी कोणी नाही. रजा वाढवून मिळावी. कृपया मंजुरी मिळावी.'

या वेळी टकला स्वतः आला. ताईंच्या शेजारी खुर्ची ओढून तो बराच वेळ काहीबाही उघडून बघत बसला.

"कारण आपोआप भरलं जात नाही," तो म्हणाला. "कोणीतरी टाइप केलंय. फोनवरून नाही, फाटकावरच्या पडद्यावरून. संध्याकाळी पाळी सुटल्यावर."

मग अर्जावरच्या नावाकडे बघत त्यानंच विचारलं, "कोण आहे ही?"

"माझी मुलगी."

"मग त्यांनाच विचारा ना."

पलीकडून हिशेबनीस हलकेच खाकरले. टकल्यानं एकदा त्यांच्याकडे, एकदा ताईंकडे बघितलं, आणि त्याला कळलं असावं. खुर्ची जागेवर ठेवून तो निघाला.

फाटकावरचा राखणदार जुना माणूस. त्याला विचारलं तर म्हणाला, पाळी सुटली की फाटक मोकळं होतं, पडद्यापाशी चिटपाखरू नसतं. मग थोडं घुटमळून म्हणाला, "कधीकधी पडदा आपला आपण उजळतो, ताई. समोर माणूस उभं राहिलं की उजळतो ना, तसा. मी उठून बघतो. कोणी नसतं." तो ताईंकडे बघत नव्हता. ठकी रोज जाताना त्याच्या टोपीवर टिचकी मारून जायची.

कोणीतरी चेष्टा करतंय, असं ताईंनी स्वतःला समजावलं. पण अशी चेष्टा करेल असं माणूस त्यांना कारखान्यात सापडेना. आणि खरं सांगायचं तर त्यांना ते शोधायचंही नव्हतं. रोज सकाळी त्या बस सुटेल म्हणून पळायला लागल्या होत्या.

तिसरा अर्ज असा होता. 'घरी जाऊन आले. तिथे दुसरी माणसं आहेत. रजा वाढवून मिळावी.'

त्या दिवशी ताई अर्ध्या दिवसाची रजा टाकून जुन्या घरी गेल्या. तिथे आता एक शिक्षिका राहत होत्या. त्यांनी ताईंना आत बसवलं, पाणी दिलं. भिंतींना नवा रंग होता. ठकीच्या खोलीचं दार लोटलेलं होतं आणि ताईंनी तिकडे बघायचं टाळलं.

"तुम्ही आलात ते बरं झालं," शिक्षिका म्हणाल्या. "तुमच्याकडचं कोणी अजून इथे येतं का? म्हणजे सवयीनं?"

"का?"

"संध्याकाळी दाराबाहेर कोणीतरी चपला काढून ठेवतं. आवाज येतो. एक, मग दुसरी. आता बेल वाजेल म्हणून मी उठते, तर वाजत नाही. उघडलं की कोणी नसतं." त्या ओशाळवाणं हसल्या. "आधी भीती वाटायची. आता वाईट वाटतं. दमून आल्यासारखा आवाज असतो हो."

परतीच्या बसमध्ये ताईंनी खिडकीकडे तोंड करून रडून घेतलं. पोरीला आपण घराबाहेर काढलं, एवढंच त्यांच्या डोक्यात फिरत होतं. ती कामावरून सुटून घरी येतेय, आणि घर आपण परक्यांना देऊन बसलोय.

दुसऱ्या दिवशी मालकांनी त्यांना आत बोलावलं. मालक माणूस वाईट नव्हता. बराच वेळ ते टेबलावरची पट्टी सरळ करत राहिले.

"ताई, तपासणीला माणसं येणार आहेत," ते म्हणाले. "सॉफ्टवेअरमध्ये एक नाव दीड वर्ष रजेवर दिसतंय. मला बोलायला जिवावर येतंय. पण ते बंद करायला हवं."

"हो."

"तुम्हाला जमत नसेल तर मी करतो."

"नको," ताई म्हणाल्या. "मीच करते. उद्या सकाळपर्यंत करते."

जागेवर येऊन त्यांनी ठकीची नोंद उघडली. वर फोटो होता, ओळखपत्रासाठी काढलेला, हसू दाबून धरलेला. खाली नोंद बंद करायचं बटण. ते दाबलं की फाटकावरचा पडदा तिला ओळखणार नव्हता आणि अर्ज येणार नव्हते. मग ती कुठे उभी राहणार, कोणाला विचारणार? ताईंचं बोट बटणापर्यंत गेलं आणि तिथून वर, पत्त्याच्या ओळीवर आलं.

त्यांनी जुना पत्ता खोडला. नवा लिहिला. इमारत, दुसरा मजला, जिन्याच्या डाव्या हाताचं दार. बसचा शेवटचा थांबा, हेही लिहिलं. पुन्हा वाचून बघितलं आणि नोंद जतन केली.

हिशेबनीस सगळं बघत होते. त्यांनी फक्त विचारलं, "आज लवकर निघता का, ताई? पगाराचं मी बघतो."

"तुम्ही?" ताई म्हणाल्या, आणि कितीतरी दिवसांनी दोघंही हसले.

घरी आल्या तेव्हा ऊन अजून खिडकीत होतं. त्यांनी केर काढला. ठकीला आवडायचा म्हणून गोडाचा शिरा केला आणि झाकून ठेवला. मग आरशापुढे उभ्या राहिल्या. दीड वर्षात केस पांढरे झाले होते आणि विंचरायचा कंटाळा म्हणून त्यांनी ते मानेपाशी कापून टाकले होते. ठकीला आवडणारा निळा स्वेटर त्यांनी बाहेर काढला. तो अंगावर लोंबत राहिला. तरी तो तसाच घालून त्या दारालगतच्या खुर्चीत बसल्या.

पाळी सुटायची वेळ झाली. मग बस इथवर पोचायची वेळही झाली.

जिन्यात कोणाचं पाऊल वाजलं नाही.

दाराबाहेर एक चप्पल फरशीवर पडल्याचा आवाज झाला. मग दुसरी.

बेल वाजायची वाट न बघता ताईंनी दार उघडलं.

बाहेर कोणी नव्हतं. चपलाही नव्हत्या. जिन्यातला दिवा माणसाची चाहूल लागली की लागायचा, तो लागलेला होता.

"ठके," ताई म्हणाल्या. "ये गं. आत ये."

दिवा तसाच होता.

"अगं, मी आहे. ये ना."

त्यांनी हात पुढे केला. बोटांना गार लागलं. मग ते गार थोडं मागे सरलं, अनोळखी माणसानं हात पुढे केला की आपण सरतो तसं.

दिवा विझला.

रात्रभर ताईंनी दार लोटून ठेवलं होतं, कडी लावली नव्हती. सकाळी शिरा तसाच होता. तो डब्यात भरून त्या कामाला निघाल्या. आज नाव बंद करायचं, हे त्यांनी बसमध्ये मनाशी पक्कं केलं. आपल्या मनाचे खेळ, दुसरं काही नाही.

कार्यालयात अजून कोणी आलं नव्हतं. त्यांनी पिशवी ठेवली, संगणक लावला. नवा अर्ज एकच होता. काल संध्याकाळी नाही, आज पहाटे केलेला, फाटकावरच्या पडद्यावरून.

'नवीन पत्त्यावर जाऊन आले. दार एका म्हाताऱ्या बाईंनी उघडलं. त्यांनी माझं घरचं नाव घेतलं, पण मी त्यांना ओळखत नाही. माझी आई तुमच्याच कार्यालयात असते. ती आता कुठे राहते ते कृपया कळवावं.'