डाव्या पायाखालचं पेडल

मानवजातीची सारी प्रगती डाव्या पायावर उभी आहे, असं माझं ठाम मत आहे. त्या सकाळी माझा डावा पाय पिकअपच्या क्लचवर होता आणि प्रगती फाटकातून वीतभरही पुढे सरकत नव्हती. पेडल दाबलं की खालीच राहायचं. वाकून हातानं वर ओढावं लागायचं.

गाडी थोरल्या भावाची. तो जाऊन तीन महिने झाले होते. मागे वहिनींचं सामान रचलेलं: कपाट, शिलाई मशीन, गाद्यांची वळकटी. घर आम्हा दोघा भावांच्या नावावर. "माहेरी तुम्हाला बरं वाटेल," असं मी वहिनींना इतक्या मायेनं समजावलं होतं, की मलाच भरून आलं. फक्त हे सगळं आजच उरकायला हवं होतं. उद्या पुतणी येणार होती, आणि तिला घराचे कागद वाचता येतात.

गॅरेजमधून बोलावलेल्या मिस्त्रीनं स्प्रिंग बदलली. पेडल खालीच. क्लचचा वरचा सिलेंडर बदलला, खालचा बदलला. पेडल खालीच.

"पायपात हवा धरली असेल," तो म्हणाला. "काढू. काका, तुम्ही वर बसा. मी सांगेन तेव्हा दाबायचं, सांगेन तेव्हाच सोडायचं. मधे डोकं चालवायचं नाही."

तो गाडीखाली गेला. बाहेर नुसते बूट दिसत राहिले.

"दाबा."

दाबलं.

"सोडा."

सोडलं.

"अहो, सोडा की!"

"सोडलंय रे."

"काय थट्टा करता काका! वरून जोर लागतोय."

मी खाली पाहिलं. माझे दोन्ही पाय मॅटवर होते. पेडल तळाला टेकलेलं होतं आणि त्याचं रबर मधोमध दबलेलं होतं, अंगठ्याखाली दबावं तसं.

मी उतरलो. दार उघडंच ठेवून भिंतीपर्यंत मागे गेलो. ऊन चांगलं लख्ख होतं. समोरच्या घरात कुणीतरी भांडी घासत होतं.

"दाबा," गाडीखालून आवाज आला.

मी भिंतीपाशीच होतो.

"बास. सोडा. परत दाबा... हां! आत्ता कसा पाय बसला तुमचा!"

नळीतून तेल बाटलीत पडत होतं. आधी बुडबुडे होते, मग स्वच्छ धार आली. सीटची गादी खाली दबलेली होती.

मिस्त्री बाहेर आला. हातानं पेडल दाबून पाहिलं. लोण्यासारखं खाली गेलं, वर आलं. मग त्यानं मला भिंतीजवळ उभं पाहिलं.

"वर कोण होतं?"

"मीच."

त्या महिन्यातलं माझं हे सर्वांत साधं खोटं होतं. पण हेच एक पटलं नाही. तो पाने गोळा करून निघाला. एक पाना राहिला, तरी मागे वळला नाही.

वहिनी पिशवी घेऊन शेजारी बसल्या. मी इंजिन सुरू केलं. क्लच दाबला, पहिला गिअर टाकला. पाय उचलला.

गाडी हलली नाही.

पेडल खालीच.

मी पुन्हा दाबून पाहिलं. तळव्याला रबर लागलं नाही. काहीतरी उबदार लागलं.

वहिनींनी खाली वाकून पाहिलं. चेहऱ्यावर नवल नव्हतं.

"भावजी," त्या हळूच म्हणाल्या, "पाय जरा बाजूला घेता का? त्यांच्या पायावर पडलाय."